शहरातला सिग्नल आधी नकाशावर: प्रॉपगेशन मॉडेलिंगची सुरुवात कशी करावी

शहरी मोबाइल नेटवर्कच्या आखणीत सगळ्यात महाग चूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, सरासरीतली चूक. दाट वस्तीत अंतर दहापट झालं की सिग्नल साधारण ३५ डेसिबलने पडतो (डेसिबल हे शक्तीच्या गुणोत्तराचं लॉगवर बेतलेलं माप: १० डेसिबल म्हणजे दहापट). या उतारावर तुमचं प्रॉपगेशन मॉडेल, म्हणजे सिग्नल कुठे किती पोचेल याचा अंदाज देणारं गणित, सगळीकडेच ६ डेसिबलने आशावादी निघालं, तर साइटची, म्हणजे अँटेना बसवलेल्या जागेची, खरी त्रिज्या तुम्ही धरलेल्या त्रिज्येच्या दोन-तृतीयांशच भरते आणि लागणाऱ्या साइट दुपटीहून जास्त होतात. याउलट, एकेका कोपऱ्यावर मॉडेल ७-८ डेसिबलने वर-खाली चुकतंय पण सरासरीला बरोबर येतंय, हे तर रोजचंच आहे. त्यासाठी मार्जिन, म्हणजे काही डेसिबल राखीव, ठेवता येतं. सरासरी चूक आणि विखुरण या दोन गोष्टी नवख्याने पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा उद्देश तोच आहे: पहिली शून्याजवळ आणायची आणि दुसरी किती आहे ते माहीत करून घ्यायचं.

शाळेत शिकलेला लॉगरिदम आठवत असेल आणि नकाशाचं एखादं सॉफ्टवेअर उघडता येत असेल, तर एवढी शिदोरी पुरेशी आहे. खाली जिथे जिथे ‘लॉग’ लिहिलं आहे, तिथे पाया १० समजावा.

पायरी १: आधी प्रश्न नीट लिहून काढा

‘या भागाचं कव्हरेज काढून द्या’ हा प्रश्न अपुरा आहे. कव्हरेज रस्त्यावर हवं की घरात? कुठल्या बँडवर, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यावर? किमान पातळी किती? आणि किती टक्के ठिकाणी? ही चार उत्तरं कागदावर आल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका, कारण मॉडेल कुठलं लागेल हे त्यांवरच ठरतं.

एखाद्या शहराला ढोबळमानाने किती साइट लागतील एवढंच हवं असेल, तर अंतर आणि वारंवारतेवर चालणारं साधं सूत्र पुरतं. या छपरावर अँटेना लावावा की पलीकडच्या, असा प्रश्न असेल तर उंच-सखलपणा आणि इमारती दाखवणारा नकाशा लागतो. दिव्याच्या खांबावर बसणारा छोटा सेल (सेल म्हणजे एका अँटेनाचं सेवाक्षेत्र) आखायचा असेल तर एकेक भिंत महत्त्वाची ठरते. पहिल्या प्रश्नासाठी तिसऱ्याची यंत्रणा वापरली की महिने वाया जातात, आणि तिसऱ्यासाठी पहिल्याचं सूत्र वापरलं की अख्खा आराखडाच वाया जातो.

पायरी २: मोकळ्या जागेचा हिशेब आणि शहराने वाढवलेली भर

अडथळा काहीच नसेल तर पाथ लॉस, म्हणजे वाटेत होणारी सिग्नलची घट, असा निघतो:

३२.४४ + २० लॉग (वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये) + २० लॉग (अंतर किलोमीटरमध्ये)

१८०० मेगाहर्ट्झवर १ किलोमीटरला उत्तर येतं ९७.५ डेसिबल. त्याच अंतरावर दाट शहरात, फोन रस्त्यावर आणि अँटेना ३० मीटरवर असताना, नेहमीची शहरी सूत्रं १३६ ते १३९ डेसिबल सांगतात. मधले ४० डेसिबल म्हणजे पोचणारी शक्ती दहा हजारांश होणं. ती जाते कुठे? थोडी भिंती शोषतात, थोडी परावर्तित होऊन भलत्याच दिशेला जाते. पण मोठा वाटा असतो छपरांच्या कडांवरून वळून खाली रस्त्यात उतरण्याचा, म्हणजे डिफ्रॅक्शनचा. एकच धारदार कड जरी दृष्टिरेषेला नुसती टेकली, तरी ६ डेसिबल जातात. रेषा कडेच्या खाली गेली की तोटा झपाट्याने वाढतो.

म्हणूनच ‘इथून टॉवर दिसतो’ एवढ्याने भागत नाही. लहर एका रेषेत न जाता रेषेभोवतीच्या लांबट फुगीर भागातून जाते, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ३५०० मेगाहर्ट्झवर १ किलोमीटरच्या मार्गात मध्यावर पहिल्या झोनची त्रिज्या सुमारे ४.६ मीटर असते. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो.

इथे एक गैरसमज जाता जाता काढून टाकू. वारंवारता दुप्पट झाली की सूत्रात ६ डेसिबल वाढतात, आणि त्यावरून ‘वरच्या लहरी हवेत लवकर मरतात’ असं सर्रास सांगितलं जातं. मोबाइलच्या नेहमीच्या बँडमध्ये हवेचा तोटा नगण्य असतो. वाढ दिसते ती सूत्रात गृहीत धरलेला अँटेना वारंवारतेसोबत लहान होत जातो आणि कमी शक्ती पकडतो म्हणून. वरच्या बँडची शहरातली खरी अडचण म्हणजे कडांवरून वळायला आणि भिंतीतून आत शिरायला त्या लहरी कमी पडतात.

आणखी एक वाटणी मनात ठेवा. सिग्नलचा चढउतार तीन पातळ्यांवर होतो. अंतराने होणारी घसरण ही पहिली. इमारतींच्या आडोशाने काही दहा मीटरांच्या टप्प्यात होणारा बदल दुसरी, तिला शॅडो फेडिंग म्हणतात, आणि डेसिबलमध्ये मोजली की ती साधारण घंटाकृती वक्रात बसते. तिसरी म्हणजे वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून अर्ध्या तरंगलांबीवर, १८०० मेगाहर्ट्झला जेमतेम ८ सेंटिमीटरवर, होणारी थरथर. आखणीचं मॉडेल पहिलीचा अंदाज देतं आणि दुसरीचं विखुरण सांगतं. तिसरी सरासरी काढून बाजूला ठेवायची असते.

पायरी ३: नकाशे जमवा आणि त्यांच्यावर संशय घ्या

माझ्या मते मॉडेलिंगमधला अर्धा वेळ इथे गेला पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक जण फाइल लोड झाली की पुढे सरकतात.

तीन थर लागतात: जमिनीची उंची, जमीन-वापराचे वर्ग म्हणजे क्लटर, आणि शहरासाठी इमारतींचे आकार उंचीसकट. उंचीच्या फाइलीबद्दल पहिला प्रश्न विचारा: ही उघड्या जमिनीची उंची आहे की वरच्या पृष्ठभागाची? फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेला एसआरटीएमचा डेटा सुमारे ३० मीटरच्या जाळीत सहज मिळतो, पण तो पृष्ठभागाचा आहे. दाट शहरात तो छपरं आणि रस्ते यांचं मिश्रण दाखवतो. त्याच्यावर तुम्ही पुन्हा इमारतींच्या उंच्या चढवल्या, तर प्रत्येक इमारत दोनदा मोजली जाते. नकाशा दिसायला ठीकच दिसतो, फक्त सगळीकडचा सिग्नल काही डेसिबलने पडलेला असतो. सरासरीतली चूक येते ती अशी, गुपचूप.

इमारतींचे पाये ओपनस्ट्रीटमॅपवर बऱ्याच शहरांचे मिळतात, उंच्या मात्र अनेकदा नसतात. मजल्यांची संख्या असेल तर मजल्यामागे ३ मीटर धरून काम भागवता येतं. काहीच नसेल, तर निदान वस्तीच्या प्रकारानुसार सरासरी उंची द्या आणि तसं केल्याची नोंद ठेवा. रिकामी उंची म्हणजे शून्य असं काही सॉफ्टवेअर धरतात, मग अख्खा मोहल्ला सपाट मैदान होतो.

क्लटरचे वर्ग फार पाडू नका. दाट शहरी, शहरी, उपनगरी, औद्योगिक, झाडी, पाणी, मोकळं, एवढे सात-आठ वर्ग पुष्कळ झाले. पंचवीस वर्ग पाडले तर त्यातल्या अर्ध्यांना पुरेशी मोजमापं मिळत नाहीत आणि पुढे कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मोजमापांवरून मॉडेलचे आकडे बसवताना, ते वेडेवाकडे आकडे घेऊन बसतात. झाडीचा वर्ग मात्र वगळू नका.

नकाशाचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत, मीटरमध्ये असलेलं घ्या, म्हणजे यूटीएम. अंश-मिनिटांत अंतरं काढत बसणं म्हणजे चुकांना आमंत्रण. दोन थरांचे डेटम, म्हणजे स्थान मोजण्याचे आधार, वेगळे असतील तर इमारती रस्त्यांवर सरकतात; उपग्रहचित्र खाली ठेवून चारपाच चौक डोळ्यांनी तपासले की हे लगेच कळतं.

आता अँटेनाची माहिती. उंची जमिनीपासून लिहिली आहे की छपरापासून? दिशा खऱ्या उत्तरेपासून की होकायंत्राच्या? टिल्ट, म्हणजे खालचा झुकाव, विद्युत की यांत्रिक? यांत्रिक टिल्टमध्ये समोरचा पट्टा खाली झुकतो तेव्हा मागचा वर उचलला जातो. विद्युत टिल्टमध्ये सगळ्या बाजू एकत्र खाली येतात. पॅटर्नची, म्हणजे कुठल्या दिशेला किती शक्ती जाते याची, फाइल नेमक्या बँडची आणि नेमक्या विद्युत टिल्टची असावी.

पायरी ४: लिंक बजेट मांडा

लिंक बजेट म्हणजे घरखर्चाच्या वहीसारखी जमा-खर्चाची मांडणी, फक्त डेसिबलमध्ये. एक उदाहरण पूर्ण करून पाहू, कारण पुढच्या पायरीत तेच लागणार आहे.

एलटीई म्हणजे फोरजी, १८०० मेगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झची रुंदी. ट्रान्समीटरची शक्ती ४० वॅट, म्हणजे ४६ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). ही शक्ती १२०० सबकॅरिअरमध्ये, म्हणजे वारंवारतेच्या बारीक पट्ट्यांत, वाटली जाते. १२०० चा लॉग घेऊन १० ने गुणलं की ३०.८, म्हणून एका सबकॅरिअरच्या वाट्याला १५.२ डीबीएम येतात. फोन जी आरएसआरपी, म्हणजे सेलच्या संदर्भ सिग्नलची मोजलेली शक्ती, दाखवतो ती एका सबकॅरिअरची पातळी असते. नवखे ४६ घेऊन सरळ आरएसआरपीशी तुलना करतात आणि ३० डेसिबलचा स्वर्ग दिसतो म्हणून खूश होतात.

१५.२ मध्ये अँटेनाचा लाभ (शक्ती एका दिशेला एकवटल्याने मिळणारी वाढ) १७ मिळवा, केबल आणि जोडण्यांचा १ वजा करा. अँटेनातून बाहेर पडतात ३१.२ डीबीएम. हा आकडा मुख्य पट्ट्याच्या दिशेचा आहे. कडेच्या दिशांना तो कमी असतो.

फोनला हवी असलेली किमान आरएसआरपी उणे ११० धरू. दोघांतला फरक १४१.२ डेसिबल. यातून आता वजावटी. डोकं आणि हात यांचा अडथळा: ३. घराच्या भिंतीचा: १८. आणि शॅडो फेडिंगचं मार्जिन.

भिंतीच्या आकड्यावर थोडं थांबू, कारण शहरी आखणीतला सगळ्यात मोकळा सुटलेला आकडा हाच. मोबाइल तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या ३८.९०१ या अहवालात वस्तूंनुसार सूत्रं दिली आहेत. त्यांप्रमाणे ३.५ गिगाहर्ट्झवर साधी काच २.७ डेसिबल खाते, काँक्रीट १९, आणि उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर दिलेली काच २४. म्हणजे बाहेरून चकचकीत दिसणारा काचेचा मनोरा काँक्रीटपेक्षाही बंद असू शकतो. ज्या भागात अशा इमारती जास्त तिथे १८ ही चैन आहे. सगळ्या शहराला एकच आकडा लावण्यापेक्षा क्लटरच्या वर्गानुसार वेगळा लावा.

शॅडो फेडिंगचं मार्जिन विखुरणावर अवलंबून असतं. विखुरण (म्हणजे प्रमाण विचलन) ८ डेसिबल असेल आणि सेलच्या कडेला ७५ टक्के ठिकाणी पातळी मिळावी असं ठरवलं, तर मार्जिन ०.६७४ (घंटाकृती वक्रातला ७५ टक्क्यांचा गुणक) गुणिले ८, म्हणजे ५.४ डेसिबल. ३५ च्या उतारावर कडेचे ७५ टक्के म्हणजे अख्ख्या क्षेत्राचे साधारण ९० टक्के होतात. कडेलाच ९५ टक्के हवे असतील तर मार्जिन १३.२ होतं. ‘९५ टक्के कव्हरेज’ असा शब्द ऐकला की लगेच विचारा: कडेचे की क्षेत्राचे? न विचारल्यास साडेचारएक डेसिबलचा घोळ होतो.

आपण कडेचे ७५ टक्के घेऊ. १४१.२ मधून ३, १८ आणि ५.४ वजा केले की उरतात ११४.८ डेसिबल. घरात सेवा द्यायची असेल तर एवढाच पाथ लॉस परवडतो.

पायरी ५: मॉडेल निवडा, पण त्याची हद्द वाचून

ओकुमुरा आणि सहकाऱ्यांनी तोक्यो परिसरात मोजमापं करून १९६८ मध्ये आलेख प्रसिद्ध केले. हाता यांनी १९८० मध्ये त्या आलेखांना सूत्राचं रूप दिलं. मूळ हाता सूत्र १५० ते १५०० मेगाहर्ट्झसाठी आहे. युरोपातल्या कॉस्ट २३१ प्रकल्पाने ते २००० पर्यंत वाढवलं, ते असं (वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये, उंची मीटरमध्ये, अंतर किलोमीटरमध्ये):

४६.३ + ३३.९ लॉग (वारंवारता) − १३.८२ लॉग (अँटेनाची उंची) − फोनच्या उंचीची दुरुस्ती + [४४.९ − ६.५५ लॉग (अँटेनाची उंची)] × लॉग (अंतर) + सी

महानगराच्या गाभ्यासाठी सी ३ डेसिबल, बाकी ठिकाणी शून्य. फोन दीड मीटरवर असेल तर दुरुस्ती जवळजवळ शून्यच येते. आपल्या उदाहरणात अँटेना ३० मीटरवर धरला तर १ किलोमीटरला १३९.२ डेसिबल, आणि उतार दहापटीला ३५.२. परवडणारे ११४.८ बसवले की त्रिज्या निघते सुमारे २०० मीटर.

आता तोच आकडा ३८.९०१ मधल्या शहरी मोठ्या सेलच्या, दृष्टिरेषा नसलेल्या सूत्रात घाला:

१३.५४ + ३९.०८ लॉग (अंतर मीटरमध्ये) + २० लॉग (वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये)

फोन दीड मीटरवर असताना बाकीचं पद नाहीसं होतं. त्रिज्या येते सुमारे २९० मीटर.

एकच लिंक बजेट, दोन प्रतिष्ठित सूत्रं. तीन सेक्टरच्या, म्हणजे तीन दिशांना तीन सेल असलेल्या, साइटचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या १.९५ पट धरतात. म्हणजे पहिल्या उत्तराने चौरस किलोमीटरला बारा साइट लागतात, दुसऱ्याने सहा. इथे बरेच जण दोन्हींची सरासरी काढतात. तसं करू नका. कोणतं सूत्र आपल्या हद्दीबाहेर वापरलं गेलं, ते शोधा. कॉस्ट-हाता १ ते २० किलोमीटर अंतरासाठी बसवलेलं आहे. २०० मीटर हे त्याचं क्षेत्रच नव्हे. शिवाय अँटेना आजूबाजूच्या छपरांच्या वर आहे असं ते गृहीत धरतं. तुमचा ३० मीटरचा अँटेना ४० मीटरच्या इमारतींमध्ये उभा असेल, तर उंचीचा आकडा कागदावर हद्दीत असूनही मॉडेल लागू होत नाही. ३८.९०१ चं सूत्र या अंतराला चालतं, पण तेही कुठल्यातरी सरासरी शहराचं आहे, तुमच्या शहराचं नव्हे. म्हणून सहा हा आकडासुद्धा मोजमाप होईपर्यंत तात्पुरताच.

बाकी मॉडेलची ओळख थोडक्यात. वॉल्फिश-इकेगामी हे रस्त्याची रुंदी, इमारतींची उंची आणि त्यांतलं अंतर विचारात घेतं, ८०० ते २००० मेगाहर्ट्झ आणि २० मीटर ते ५ किलोमीटर यांत चालतं. दाट, एकसारख्या उंचीच्या वस्तीत मला ते आवडतं. लाँगली-राइस हे मॉडेल रेडिओ मोबाइल आणि स्प्लॅट यांसारख्या फुकट साधनांत असतं, त्यामुळे नवखे तिथूनच सुरुवात करतात. ते डोंगर-दऱ्यांसाठी आहे, मूळ गणितात इमारती नाहीत. त्याच्यावर शहराचा आराखडा बेतू नका.

छोट्या सेलला दृष्टिरेषा मिळते की नाही यावरच सगळं अवलंबून असतं. ३८.९०१ मधल्या रस्त्याच्या घळीच्या (दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या रस्त्याच्या) सूत्राने दृष्टिरेषेची शक्यता ५० मीटरला ५२ टक्के, १०० मीटरला २३ आणि २०० मीटरला जेमतेम ९ टक्के येते. म्हणजे दीडशे मीटरवरच्या फोनला सरासरी पाथ लॉस लावणं निरर्थक आहे: एक तर तो नीट दिसतो, नाही तर कोपऱ्याआड असतो.

अशा वेळी रे ट्रेसिंग कामाला येतं. प्रत्येक किरण भिंतींवरून परावर्तित करत, कडांवरून वळवत फोनपर्यंत नेला जातो. सिओना आरटीसारखं खुलं साधन घेऊन घरच्या संगणकावरही शिकता येतं. तीन-चार परावर्तनं आणि एक-दोन डिफ्रॅक्शन यांनी सुरुवात करा. त्यांची संख्या वाढवून उत्तर काही डेसिबलने हलत नसेल तर थांबा. भिंतींचे विद्युत गुणधर्म आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.२०४० या शिफारशीत मिळतात. काँक्रीटची सापेक्ष परमिटिव्हिटी, म्हणजे विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचं माप, ५.२ च्या आसपास. रे ट्रेसिंगची चित्रं इतकी देखणी येतात की ती मोजमापच आहेत असं वाटू लागतं. नकाशात झाडं नसतील, बाल्कन्या नसतील, भिंत दोन मीटर सरकलेली असेल, तर ते देखणेपण फसवं आहे. शहरभराच्या मोठ्या सेलसाठी मी ते वापरणार नाही.

पायरी ६: रस्त्यावर जाऊन मोजा आणि मॉडेल बसवा

व्यावसायिक साधनांत स्टँडर्ड प्रॉपगेशन मॉडेल नावाचं सूत्र असतं: के१ हा स्थिरांक, के२ अंतराचा उतार, पुढचे के अँटेनाची उंची, डिफ्रॅक्शन वगैरेंचे, आणि शेवटी क्लटरच्या प्रत्येक वर्गाची भर. हे आकडे तुमच्या शहरात मोजून बसवायचे असतात.

चाचणीसाठी नेमक्या जागी, नेमक्या उंचीवर, सगळ्या दिशांना सारखा पसरवणारा अँटेना लावून शुद्ध कॅरिअर, म्हणजे माहिती न वाहणारी एकाच वारंवारतेची अखंड लहर, सोडतात. त्याला सीडब्ल्यू चाचणी म्हणतात. निवडलेली वारंवारता रिकामी आहे का, हे ट्रान्समीटर सुरू करण्याआधी फिरून बघा. मग गाडीतून नमुने घेत फिरायचं. मोबाइल रेडिओचे संशोधक ली यांच्या निकषानुसार ४० तरंगलांब्यांच्या पट्ट्यात ३६ ते ५० नमुने घेऊन सरासरी काढली की ती मघाची थरथर जाते आणि शॅडो फेडिंग शिल्लक राहतं. १८०० मेगाहर्ट्झला ४० तरंगलांब्या म्हणजे ६.७ मीटर. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली तर हे अंतर ०.६ सेकंदात सरतं; ५० नमुने हवे असतील तर सेकंदाला निदान ८५ घेणारा रिसीव्हर लागतो. साधा फोन एवढं करत नाही. फोनचे आकडे नंतरच्या तपासणीला ठीक, मॉडेल बसवायला नकोत.

मार्ग निवडताना साइटकडे जाणारे आणि तिला आडवे, दोन्ही प्रकारचे रस्ते घ्या. हमरस्ते सोपे म्हणून तेवढेच घेतले तर रस्त्याच्या घळीतून सरळ वाहत आलेली लहर मोजली जाते आणि मॉडेल आशावादी होतं. अंतर, क्लटरचे वर्ग आणि दिशा यांत नमुने बऱ्यापैकी वाटलेले असावेत.

मग गाळणी. अँटेनाच्या अगदी पायाशी घेतलेले नमुने काढा, तिथे उभ्या पॅटर्नचा खेळ चालू असतो. बोगदे, पुलाखालचे भाग आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटलेले तुकडे काढा. आता खरा सापळा: रिसीव्हरच्या नॉइजजवळचे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या खरखरीइतके कमकुवत, नमुने. ते अविश्वसनीय असतात म्हणून काढावेच लागतात. पण दूरच्या अंतरावर फक्त कमकुवत नमुने काढले की तिथे नशीबवान जागाच उरतात आणि लहर दूरवर छान पोचते असं मॉडेल शिकतं. उपाय असा की ज्या अंतरानंतर नमुने नॉइजमध्ये बुडू लागतात, तिथून पुढचं सगळंच अंतर कॅलिब्रेशनमधून वगळायचं.

आकडे बसवताना सगळे के एकदम मोकळे सोडू नका. आधी के१ आणि के२, मग क्लटर, मग गरज असेल तर डिफ्रॅक्शन. सॉफ्टवेअर चूक कमी करण्यासाठी वाट्टेल ते आकडे देऊ शकतं. के२ तीसच्या खाली किंवा पन्नासच्या वर गेला, किंवा दाट शहरी वर्गाला मोकळ्या मैदानापेक्षा कमी तोटा आला, तर गणित जुळलं तरी भौतिकशास्त्र जुळलेलं नाही. अंतराची व्याप्ती लहान असली की के१ आणि के२ एकमेकांची जागा घेतात. दोघांच्या जोड्या वेगवेगळ्या आणि चूक तेवढीच.

तपासणीसाठी काही साइट पूर्ण बाजूला ठेवा. सगळ्या नमुन्यांतून यादृच्छिकपणे वीस टक्के काढून ठेवणं पुरेसं नाही, कारण शेजारचे नमुने एकमेकांसारखेच असतात, मॉडेलने ते जणू आधीच पाहिलेले असतात. बाजूला ठेवलेल्या साइटवर सरासरी चूक शून्याजवळ आणि विखुरण ८ डेसिबलच्या आत असेल तर काम चांगलं झालं. सरासरी एकत्रित बघून थांबू नका, प्रत्येक वर्गाची आणि प्रत्येक अंतरटप्प्याची वेगळी बघा. जवळ उणे ५ आणि दूर अधिक ५ असेल तर एकूण शून्यच दिसतं. आणि मिळालेलं विखुरण लिंक बजेटमध्ये परत न्या. तिथे ८ गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात साडेनऊ आलं तर मार्जिन ५.४ वरून ६.४ करावं लागेल.

पायरी ७: नकाशा रंगवला, आता हस्तक्षेप बघा

‘मॉडेल जरा निराशावादी ठेवू, म्हणजे धोका नको’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. शहरात तो धोक्याचाच आहे. निराशावादी मॉडेल जवळच्या सेलचा सिग्नल कमी दाखवतं तसाच दूरच्या सेलचा हस्तक्षेपही, म्हणजे त्याच्या सिग्नलची इथली ढवळाढवळही, कमी दाखवतं. साइट दाट बसतात, प्रत्यक्षात लहर धरल्यापेक्षा दूर जाते, आणि एकाच चौकात पाच सेल सारख्याच ताकदीने ऐकू येतात. आरएसआरपी उत्तम आणि वेग रडका, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं.

म्हणून पातळीच्या नकाशासोबत दोन नकाशे नेहमी काढा: कुठे कुठला सेल सगळ्यात बलवान आहे तो, आणि सिग्नल-विरुद्ध-हस्तक्षेप गुणोत्तराचा. पहिल्यात एखाद्या सेलचे तुकडे दूरवर बेटांसारखे पडलेले दिसले तर टिल्ट वाढवा. अँटेना ३० मीटरवर आणि कड २९० मीटरवर असेल तर तिथे बघण्याचा कोन साडेपाच अंशांच्या आसपास येतो. टिल्टची चाचपणी तिथून सुरू करा आणि प्रत्येक बदलानंतर घरातल्या कव्हरेजवर काय परिणाम होतो ते पाहा.

नकाशा देताना त्यावर बँड, मॉडेलची आवृत्ती, कॅलिब्रेशनची तारीख, विखुरण, आणि पातळी रस्त्यावरची की घरातली, एवढं लिहा. रंगांच्या सीमा ठळक रेषांसारख्या दिसतात म्हणून वाचणारा त्यांना कुंपण समजतो. शक्य असेल तर डीबीएमऐवजी ‘पातळी मिळण्याची शक्यता’ अशा टक्क्यांत नकाशा द्या. मी स्वतः तोच पहिल्या पानावर ठेवतो.

पायरी ८: साइट सुरू झाल्यावर

पहिल्या काही साइट सुरू झाल्या की त्यांच्याभोवती फिरून मोजलेलं आणि मांडलेलं शेजारी ठेवा. तफावत दिसली की मॉडेलला हात लावायची घाई नको. एकाच साइटवर सगळीकडे सारखीच तूट असेल तर आधी केबल, शक्तीची सेटिंग आणि टिल्ट बघा. दोन सेक्टरचे आकडे अदलाबदल झाल्यासारखे वाटत असतील तर फीडर, म्हणजे अँटेनाच्या केबल, उलटे जोडले असण्याची शक्यता मोठी. एका बाजूलाच खड्डा असेल तर तिथे जाऊन उभे राहा. नकाशाच्या तारखेनंतर उभी राहिलेली इमारत समोर दिसेल. बऱ्याच साइटवर, सगळ्या दिशांना, एकाच बाजूची तफावत असेल, तेव्हाच के१ उघडा, आणि बदललात की जुन्या आवृत्तीने काढलेले सगळे नकाशे पुन्हा काढा, निदान ज्या साइट अजून उभ्या राहायच्या आहेत त्यांचे.